भाडं ठरतं विधिमंडळात, मग निवेदन महापालिकेत कशाला?

जळगावची नवी पेठ घ्या, धुळ्याच्या नंबरी गल्ल्या घ्या, नाहीतर अमळनेरचा जुना बाजार. दर दोन-चार वर्षांनी तिथले दहा-बारा जागामालक एकत्र येतात. कुणीतरी वकिलाच्या कारकुनाकडून निवेदन टाइप करून आणतो. ‘चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची भाडी आजही जवळपास तीच आहेत, ती वाढवून मिळावीत’ असा मजकूर. आयुक्तांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलासमोर फोटो निघतो, पेपरात येतो आणि प्रकरण तिथेच संपतं. साहेबांनी ‘सकारात्मक विचार करू’ म्हटलेलं असतं. विचार करायला त्यांच्या हातात मुळात काही नसतं, हे त्यांनाही ठाऊक असतं.

जुन्या भाड्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा राज्याचा आहे : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो विधिमंडळाने केला आणि बदलायचा झाला तर विधिमंडळच बदलणार. मालक-भाडेकरूचा वाद आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतो. महापालिका, नगरपरिषद, महापौर, नगराध्यक्ष यांना कुणाचंही भाडं एक रुपयाने वाढवता येत नाही की कमी करता येत नाही. महासभेने एकमताने ठराव केला तरी तो शासनाला केलेली विनंतीच ठरतो.

गोंधळ थोडा बाहेरच्या बातम्यांमुळेही होतो. न्यूयॉर्कमध्ये भाडं गोठवणार, अशी महापौराची घोषणा आपण वाचतो. तिथे खरंच शहराचं मंडळ आहे. महापौराने नेमलेले नऊ सदस्य, त्यात दोन मालकांच्या बाजूचे, दोन भाडेकरूंच्या बाजूचे आणि पाच सर्वसाधारण जनतेचे. सुमारे दहा लाख नियंत्रित घरांचं भाडं किती टक्के वाढवायचं हे ते दरवर्षी सुनावणी घेऊन ठरवतात. साहजिकच तिथल्या घरमालक संघटना शहराच्या कारभाऱ्यांमागे लागतात. ती पद्धत इथे लागू पडत नाही.

तरी जागामालकांनी महापालिकेत जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. जावं, पण भाड्याचं रडगाणं घेऊन जाऊ नये. जुन्या भाड्याशी थेट जोडलेल्या काही गोष्टी महापालिकेच्याच लेखणीत आहेत आणि तिथे नीट मांडणी केली तर खरोखर पैसे वाचतात. त्याआधी भाडं एवढं खाली अडकलं कसं, ते पाहू.

चाळीस रुपयांचं भाडं

खानदेश तेव्हा मुंबई प्रांतात होता, म्हणून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आपल्याला लागू झाला. विदर्भात वेगळा आदेश होता आणि मराठवाड्यात हैदराबादचा कायदा. युद्धानंतर शहरांत घरांची टंचाई होती, मालक मनाला येईल ते भाडं मागत होते. कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हे ‘प्रमाण भाडं’ ठरवलं आणि त्याहून जास्त घेणं बेकायदा केलं. कायदा तात्पुरता होता. मुदत संपत आली की वाढवायची, असं करत तो पन्नास वर्षांहून अधिक जगला.

मालकांनी पळवाट शोधली. भाडेकरू म्हणायचंच नाही, ‘लीव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे नुसत्या वापराच्या परवान्यावर जागा द्यायची. शासनाने १९७३ मध्ये ती वाटही बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्यावर राहत होते, ते दुरुस्तीने संरक्षित भाडेकरू झाले. आजही एखादे आजोबा अकरा महिन्यांच्या कराराला घाबरतात, घर रिकामं ठेवतात पण भाड्याने देत नाहीत. त्या भीतीचं मूळ इथे आहे. ती आता बरीचशी गैरलागू आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा परत मिळवता येते, आणि परवानाधारक बसूनच राहिला तर दुप्पट आकार भरावा लागतो.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं, की भाडं असं गोठवून ठेवणारी तरतूद काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाली आहे. तरी न्यायालयाने ती लगेच रद्द केली नाही. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती, राज्याने नवा कायदा आणावा असं अपेक्षित होतं. तो आला, आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

नव्या कायद्यात मालकाला मिळालं काय? १ ऑक्टोबर १९८७ ला जे भाडं होतं, त्यात ५ टक्के मिळवायचे. ते झालं प्रमाण भाडं. त्यावर कायदा लागू झाल्यापासून दरवर्षी ४ टक्के वाढ.

आता हिशेब करू. जुन्या पेठेतली दोन खोल्यांची जागा, १९८७ मध्ये भाडं महिना ४० रुपये. ५ टक्क्यांनी झाले ४२. पुढे पंचवीस वर्षं ४ टक्के, तेही चक्रवाढीने धरले, तर आज भाडं होतं सुमारे ११२ रुपये. सरळ टक्केवारीने धरलं तर ८४. यात सिमेंटची एक गोणी येत नाही.

आणि दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकाची. धाब्याचं घर असेल तर पावसाळ्याआधी वर माती टाकायला मजूर लागतो, सागाची तुळई वाळवीने खाल्ली असेल तर ती बदलावी लागते. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू नोटीस देऊन स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ११२ रुपयांच्या जागेत ही रक्कम वर्षाला ३३६ रुपये होते. म्हणजे दुरुस्ती मालकाला परवडत नाही आणि भाडेकरूलाही करता येत नाही. भिंत दोघांच्या डोक्यावर हळूहळू खाली येते. मोठी दुरुस्ती केली तर भाडं वाढवायची तरतूद कायद्यात आहे, पण वाढ मुळात या किरकोळ भाड्याच्या किंवा झालेल्या खर्चाच्या टक्केवारीत, आणि आधी खर्च खिशातून.

मालक श्रीमंत आणि भाडेकरू गरीब, हे चित्र प्रत्येक वेळी खरं नसतं, आणि प्रत्येक वेळी खोटंही नसतं. बाजारपेठेतल्या दुकानात बसलेला व्यापारी लाखांची उलाढाल करतो, आणि मालकीण वरच्या मजल्यावर पेन्शनवर जगते, हे खानदेशच्या कुठल्याही गावात दिसेल. कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचं भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी किंवा त्याहून अधिक आहे अशा कंपन्यांना संरक्षणाबाहेर काढलं. पण आपल्याकडचा सराफ किंवा धान्याचा आडत्या बहुधा मालकी नाहीतर भागीदारी पेढी चालवतो. ती कंपनी नाही, म्हणून उलाढाल कितीही असो, संरक्षण कायम. दुसरीकडे, त्याच गल्लीत भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेल्या गँगमनची विधवा चाळीस वर्षं एका खोलीत राहते, आणि तिला बाहेर काढलं तर तिला जायला जागा नाही. कायदा या दोघांना एकाच पंगतीत बसवतो. माझ्या मते खरी चूक इथे आहे, भाड्याच्या आकड्यात नाही.

घरपट्टी : जिथे बोलण्याला किंमत आहे

महापालिकेच्या दारात जायचं सगळ्यात मोठं कारण हे.

घरपट्टी ज्या पायावर बसते त्याला करयोग्य मूल्य म्हणतात. कल्पना साधी : ही मालमत्ता वर्षभर भाड्याने दिली तर वाजवीपणे किती भाडं येईल, तो आकडा काढायचा, दुरुस्तीपोटी त्यातले १० टक्के वजा करायचे. उरलेल्या रकमेवर ठरलेल्या टक्क्याने कर.

प्रश्न ‘वाजवीपणे किती भाडं येईल’ या चार शब्दांत अडकतो. कर विभागाचा माणूस बाजारभाव पाहतो. आजूबाजूला नव्या इमारतीत दोन खोल्या दीड हजारात जातात, म्हणजे हिचंही तेवढंच, असं तो लिहितो. पण या जागेत कायद्याने ११२ च्या वर एक पैसा घेता येत नाही. मग मालकाला न मिळणाऱ्या भाड्यावर कर का?

कराचा दर एकूण ३० टक्के आहे असं फक्त उदाहरणापुरतं धरा. बाजारभावाने वर्षाचं भाडं १८,००० रुपये, १० टक्के वजा जाता १६,२००, त्यावर कर ४,८६० रुपये. खऱ्या भाड्याने वर्षाचे १,३४४, वजा जाता १,२१०, त्यावर कर ३६३ रुपये. पहिल्या हिशेबात मालकाच्या हातात वर्षाला १,३४४ येतात आणि कर जातो त्याच्या साडेतीन पट. वर थकबाकीला महिन्याला २ टक्के शास्ती. जुन्या पेठेतले कित्येक मालक घरपट्टी का थकवतात, याचं उत्तर यात आहे. महापालिका त्यांना बेफिकीर समजते आणि मग शास्ती माफ करणारी अभय योजना काढते. आकारणीचा पाया तपासायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अनेक दशकांपासून स्पष्ट आहे : जिथे भाडे नियंत्रण लागू आहे तिथे करासाठी धरायचं भाडं प्रमाण भाड्यापेक्षा जास्त असू नये. यातला एक निकाल मला विशेष आवडतो, कारण तो मोठ्या शहरातला नाही. आंध्रातल्या गुंटूरच्या करदात्यांच्या संघटनेने नगरपालिकेशी भांडण केलं, नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७० मध्ये हरली. नगरपालिकेचं म्हणणं होतं, की वाजवी भाडं न्यायालयाने अजून ठरवूनच दिलेलं नाही, मग मर्यादा कसली? न्यायालय म्हणालं, ठरवलेलं नसलं तरी कायद्याची मर्यादा आहेच, आकारणी करणाऱ्याने तिच्या आत राहायचं. १९७९ मध्ये दिल्लीच्या देवान दौलतराय कपूर प्रकरणात हाच मुद्दा आणखी पक्का झाला. पुढच्या काही निकालांनी अपवाद केले, त्या त्या राज्याच्या कायद्याचे शब्द पाहावे लागतात, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय छातीठोकपणे बोलू नये. पण मुद्दा जिवंत आहे, आणि आयुक्तांच्या अधिकारातला आहे.

आता या मुद्द्यावर एक संकट आहे. राज्याने कायद्यात दुरुस्ती करून महापालिकांना भांडवली मूल्यावर कर लावायची मुभा दिली आहे. म्हणजे भाडं किती येईल हे पाहायचं नाही, मालमत्तेची किंमत रेडीरेकनरने, म्हणजे शासनाच्या बाजारमूल्याच्या तक्त्याने काढायची आणि तिच्यावर कर बसवायचा. मुंबईने ही पद्धत २०१० पासून घेतली. तिथे ‘आमचं भाडं गोठलेलं आहे’ हा युक्तिवाद फार क्षीण होतो. ज्या शहरात ही पद्धत अजून आलेली नाही, तिथे ती आणण्याचा प्रस्ताव महासभेपुढे येतो तो क्षण जागामालकांसाठी सगळ्यात मोलाचा. त्या वेळी ‘संरक्षित भाडेकरू असलेल्या मिळकतींना वेगळा, कमी दर लावा’ एवढी एक मागणी नेटाने लावून धरली, तर ती दहा वर्षांच्या निवेदनांपेक्षा उपयोगाची. पद्धत लागू झाल्यावर गेलात तर फाइल बंद झालेली असते.

वेळेचंच बोलायचं तर महापालिकेने पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. प्रस्ताव स्थायी समितीतून येतो. म्हणजे बोलायचं ते डिसेंबर-जानेवारीत. आपल्याकडची शिष्टमंडळं मार्चमध्ये निघतात, जेव्हा वसुलीवाले दारात येतात आणि नळ तोडायची भाषा सुरू होते. नगरपरिषदांत दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तिला कचेरीत ‘चतुर्थ वार्षिक’ म्हणतात. तिच्या नोटिशीवर हरकत घ्यायची मुदत असते आणि सुनावणी होते. सुनावणीला हजर न राहिलेल्या मालकाने पुढे चार वर्षं बोंब मारून काही होत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच मालकांना ठाऊक नसते. कायदा लागू झाल्यानंतर जो कर नव्याने बसला किंवा वाढला, तेवढी रक्कम भाडेकरूकडून भाड्यात मिळवून घेता येते. त्याला महापालिकेची परवानगी लागत नाही. भाडेकरूला रीतसर कळवावं लागतं आणि वाढ करापेक्षा जास्त असून चालत नाही.

धोकादायक इमारतीची नोटीस

मे उजाडला की महापालिका जुन्या इमारतींना नोटिसा काढते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त इमारत पाडा, टेकू द्या किंवा दुरुस्त करा असं सांगू शकतात. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं ही मालकाची जबाबदारी. तपासणीनंतर इमारतीला श्रेणी मिळते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, त्याखालच्या श्रेणी म्हणजे रिकामी करून किंवा न करता दुरुस्ती.

इथे लॉबिंगचा रंग बदलतो. भाडे कायद्यात मालकाला जागा परत मिळण्याची मोजकी कारणं आहेत : स्वतःला खरी गरज, परवानगीविना पोटभाडेकरू ठेवणं, सहा महिने जागा न वापरणं, वगैरे. त्यातलंच एक, महापालिकेने पाडण्याचा आदेश दिलेला असणं. सगळे खटले पंधरा-वीस वर्षं चालतात, हे मात्र एका सहीवर होतं. म्हणून काही मालक महापालिकेत येतात ते इमारत वाचवायला नव्हे, सी-१ चा शिक्का मिळवायला. ‘साहेब, जरा लवकर बघा.’ अभियंत्याचा अहवाल आधीच तयार असतो.

याला मी साफ चूक म्हणतो, आणि ते सोडा, कायद्याने ते फळतही नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने शहा रतनसी खिमजी खटल्यात ठरवलं, की इमारत पडली किंवा महापालिकेने पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क मरत नाही. भाडेपट्टा फक्त भिंतींचा नसतो, खालच्या जमिनीचाही असतो. तो खटला महाराष्ट्रातल्याच एका महापालिकेने पाडलेल्या इमारतीचा होता. म्हणून आता इमारत रिकामी करताना कोण भाडेकरू, कुणाच्या ताब्यात किती क्षेत्र, याची नोंद करून ठेवतात. जागा मोकळी करून बिल्डरला द्यायचं स्वप्न पाहणाऱ्या मालकाला नोटीस मिळते, भाडेकरू बाहेर जातात, पण त्यांची यादी प्लॉटला चिकटून राहते.

त्यापेक्षा सरळ रस्ता पुनर्बांधणीचा. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळपास सगळ्या शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू झाली, तिला कचेरीत युडीसीपीआर म्हणतात. जुन्या, भाडेकरू असलेल्या इमारतींसाठी तीत वेगळी तरतूद आहे. भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा द्यायची आणि त्या बदल्यात मालकाला प्रोत्साहनपर वाढीव चटईक्षेत्र. कागदावर हे उत्तम. अडचण अशी की जळगाव-धुळ्याच्या जुन्या पेठांमध्ये प्लॉट अरुंद, रस्ता बारा-पंधरा फुटी, समोर सोडायची जागा कुठून आणणार? वाढीव चटईक्षेत्र मिळतं, ते बसवायला जागाच उरत नाही. लहान प्लॉटना सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या जागेत सवलत, दोन-तीन शेजाऱ्यांनी एकत्र विकास केला तर विकासशुल्कात सूट, असल्या मागण्या शहराच्या नगररचना विभागाकडे आणि त्याच्यामार्फत नगरविकास खात्याकडे न्यायच्या. यात भाडेकरूंचाही फायदा आहे. मालक-भाडेकरू एकाच निवेदनावर सही करू शकतील असा हा बहुधा एकमेव विषय.

महापालिका स्वतः मालक असते तेव्हा

जळगावकरांना हा धडा वेगळा शिकवायला नको. महापालिकेच्या व्यापारी संकुलांतले दोन हजारांहून अधिक गाळे, फुले मार्केटपासून सुरुवात, यांच्या भाडेपट्ट्यांची मुदत २०१२ मध्ये संपली आणि पुढची कित्येक वर्षं शहराचं राजकारण त्याभोवती फिरलं. नोटिसा, न्यायालय, मोर्चे, बाजार बंद.

गंमत पाहा. १९९९ चा कायदा शासनाच्या आणि स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना लागूच नाही. एकाच व्यापाऱ्याचं एक दुकान खासगी मालकाच्या इमारतीत असेल तर तिथे तो दोनशे रुपये भाडं देतो आणि कायदा त्याच्या पाठीशी. त्याचाच गाळा महापालिकेच्या मार्केटमध्ये असेल तर तिथे बाजारभावाचं गणित. २०१९ च्या नियमांत वार्षिक भाडं मालमत्तेच्या चालू बाजारमूल्याच्या ८ टक्क्यांहून कमी नसावं, असं घातलं गेलं. गाळेधारकांनी ओळखलं, की हा आकडा महापालिकेने ठरवलेला नाही. ते मंत्रालयात गेले. नगरविकास खात्याचे उंबरे झिजवले आणि पुढे शासनाने नियम बरेच सैल केले. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक हा वाद बाजूला ठेवा. महापालिकेच्या तिजोरीचं काय झालं, हाही स्वतंत्र लेखाचा विषय. पण दार बरोबर निवडलं की काय होतं, ते भाडेकरूंनी मालकांपेक्षा चांगलं दाखवून दिलं.

निवेदन कसं असावं, आणि रेष कुठे

आपल्या देशात लॉबिंगची नोंदणी करणारा कायदा नाही. कुणी कुणाला भेटलं, काय मागितलं, याचं रजिस्टर नाही. संघटनेने निवेदन देणं, नगरसेवकाला गाठणं, सुनावणीला वकील नेणं, सगळं कायदेशीर. पाकीट बेकायदा. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची. ‘काम करून घेण्यासाठी थोडं चहापाणी’ म्हणणाऱ्या मध्यस्थापासून संघटनेने चार हात लांब राहावं, कारण पकडला जातो तो खजिनदार.

निवेदनात एकच मागणी असावी. बारा मागण्यांचं निवेदन वाचणारा अधिकारी मी अजून पाहिलेला नाही. सोबत मालमत्ता क्रमांक, आकारणी आदेशाची प्रत, भाडेपावत्या, आणि वर केला तसा हिशेब. शंभर मालकांच्या सह्यांपेक्षा दहा मिळकतींचा तक्ता जड ठरतो. आवक-जावकमध्ये देऊन पोच घ्यावी, म्हणजे पुढे माहिती अधिकारात त्या कागदाचं काय झालं हे विचारता येतं.

जायचं कुणाकडे, हे काळावर ठरतं. निवडून आलेली सभा असेल तर स्थायी समितीचे सदस्य आणि गटनेते. निवडणुका रखडून प्रशासक बसलेला असेल तर सभेचे आणि समितीचे अधिकार त्याच एका माणसाकडे येतात. मालकांना हे सोपं वाटतं, एकालाच पटवायचं. पण प्रशासकाला मतं मागायची नसतात, त्यामुळे दबावही चालत नाही. त्याला नियम आणि आकडा लागतो. आणि त्याच्याकडून किंवा सभेकडून अधिकाराबाहेरचा ठराव करून घेतलात, तर शासन तो महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली विखंडित, म्हणजे रद्द करू शकतं. नगरपरिषदेत ते काम जिल्हाधिकारी करतात.

राहिला मूळ भाड्याचा प्रश्न. त्याचं दार मुंबईत आहे, पण त्याची एक किल्ली गावातच आहे. विधान परिषदेत स्थानिक स्वराज्य संस्थांचे मतदारसंघ असतात, जळगावचा एक आणि धुळे-नंदुरबारचा मिळून एक. तिथला आमदार नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांच्या मतांवर निवडून जातो. जो नगरसेवक तुमचं भाडं वाढवू शकत नाही, त्याच्या मताला कायदा करणाऱ्या सभागृहात वजन आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अशासकीय विधेयक, हे सगळं त्या आमदाराला करता येतं.

त्याच्याकडे मात्र ‘भाडं वाढवा’ एवढं मोघम नेऊ नये. मतांचा हिशेब उघड आहे, एका मालकामागे चार भाडेकरू असतात आणि सरसकट संरक्षण काढायला कुठलाही पक्ष धजणार नाही. केंद्राने २ जून २०२१ ला मंजूर केलेला आदर्श घरभाडे कायदा हा राज्यांसाठी नमुना आहे, आणि तोही फक्त पुढच्या करारांसाठी. जुन्या भाडेकरूंना तो हात लावत नाही. त्याआधी २००५ च्या जेएनएनयूआरएम या शहरविकासाच्या केंद्रीय योजनेत निधीची अट म्हणून भाडे कायद्यात सुधारणा करा असं केंद्राने राज्यांना सांगितलं होतं. त्यानंतरही पेठेतला ११२ रुपयांचा हिशेब बदललेला नाही.

म्हणून मागणी चिरून नेमकी करावी लागेल. राहत्या घरांना हात न लावता फक्त व्यापारी जागांचं प्रमाण भाडं टप्प्याटप्प्याने रेडीरेकनरशी जोडा. कंपनीला जशी भांडवलाची अट आहे तशी पेढीलाही उलाढालीची अट लावा, जीएसटीच्या विवरणपत्रात आकडा असतोच. साठीपुढच्या एकट्या भाडेकरूचं संरक्षण तहहयात ठेवा. या तीन मुद्द्यांवर व्यापारी संघटना कडाडून विरोध करतील, हे धरूनच चालावं लागेल, कारण बाजारपेठेतले भाडेकरू तेच आहेत आणि आमदाराच्या प्रचाराला गाड्याही तेच देतात.